ज्याच्यासाठी घडवले, त्याच्यापर्यंत न पोहोचलेले यंत्र

१/२३
या पानावर आपण एरवी तह, मोहिमा, दुर्ग आणि दफ्तरे यांविषयी बोलतो. आजच्या थ्रेडचा विषय मात्र कधीही अस्तित्वात नसलेले एक यंत्र आहे. अठरा मीटर उंचीचा हा यंत्रमानव एका असामान्य प्रतिभेच्या वैमानिकासाठी घडवला गेला आणि त्या वैमानिकाने त्याला स्पर्शही केला नाही. माझे मत आरंभीच सांगतो: युद्धसामग्रीचा इतिहास कसा वाचावा, हे शिकण्यासाठी या कल्पित यंत्राइतके उत्तम उदाहरण क्वचितच सापडेल. ते का, हे पुढे क्रमाने मांडतो. कथानकाचा शेवट सांगितल्यावाचून हे शक्य नाही. ज्यांना मूळ कलाकृती आधी पाहायची असेल त्यांनी येथेच थांबावे.

२/२३
यंत्राचे नाव आहे ॲलेक्स. अधिकृत क्रमांक आरएक्स-७८एनटी-१. ते येते 'मोबाइल सूट गंडम ००८०: वॉर इन द पॉकेट' या सहा भागांच्या जपानी ॲनिमेमध्ये. ही मालिका दूरचित्रवाणीसाठी केलेली नव्हती. मार्च ते ऑगस्ट १९८९ या काळात ती थेट व्हिडिओ माध्यमातून भागाभागाने प्रकाशित झाली. दिग्दर्शक फुमिहिको ताकायामा, कथालेखन हिरोयुकी यामागा, पात्ररेखाटन हारुहिको मिकिमोतो, यंत्ररचना युताका इझुबुची. गंडमचा मूळ निर्माता योशियुकी तोमिनो याने स्वतः दिग्दर्शित न केलेली ही पहिली गंडम मालिका.

३/२३
पार्श्वभूमी थोडक्यात. 'मोबाइल सूट गंडम' ही मूळ मालिका ७ एप्रिल १९७९ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. तीत भविष्यातील एक युद्ध आहे. एका बाजूला पृथ्वी महासंघ, दुसऱ्या बाजूला अवकाश वसाहतींतून उभे राहिलेले झिऑनचे राज्य. लढाईची मुख्य साधने म्हणजे आत माणूस बसून चालवायचे प्रचंड यंत्रमानव, अर्थात मोबाइल सूट. पंधरा वर्षांचा आमुरो रे अपघातानेच 'गंडम' नावाच्या प्रायोगिक यंत्रात जाऊन बसतो आणि पुढे महासंघाचा सर्वांत निष्णात वैमानिक ठरतो. या मालिकेत यंत्रे बिघडतात, दारूगोळा संपतो, माणसे थकतात. म्हणूनच तिला यंत्रमानवकथांतील वास्तववादी वळण मानले जाते.

४/२३
आमुरोची प्रतिभा कोणत्या प्रकारची, हे नीट समजून घेतले पाहिजे. मालिकेतील शब्द आहे 'न्यूटाइप'. अवकाशात राहू लागलेला मानव हळूहळू असा विकसित होईल की एका मनाला दुसरे मन गैरसमजाविना कळेल, अशी ती कल्पना. झिऑन दैकुन या कल्पित तत्त्वज्ञाच्या विचारांतून ती मांडली गेली आहे. म्हणजे न्यूटाइप असणे हे मुळात परस्परांना जाणण्याचे सामर्थ्य आहे. युद्ध सुरू होताच दोन्ही सैन्यांना त्यात एकच उपयोग दिसला: शत्रूची हालचाल आधीच ओळखणारा वैमानिक.

५/२३
युद्धाच्या अखेरीस आमुरोच्या प्रतिक्रिया इतक्या शीघ्र होतात की त्याचे स्वतःचे यंत्र त्याला मागे पडू लागते. मूळ मालिकेत यावर तात्पुरता उपाय होतो: सांध्यांवर चुंबकीय लेप देऊन यंत्राचा वेग वाढवला जातो. दहा वर्षांनी आलेली ००८० या कथेच्या कडेला एक नवे दालन उघडते. महासंघ आमुरोसाठी स्वतंत्र यंत्र तयार करत होता, असे ती सांगते. तेच ॲलेक्स. त्याच्या क्रमांकातील 'एनटी' ही अक्षरे न्यूटाइपचीच.

६/२३
ॲलेक्सची वैशिष्ट्ये यंत्रप्रेमींना मोहात पाडणारीच आहेत. वैमानिकाच्या भोवती सर्व बाजूंनी दृश्य दाखवणारा कक्ष, सांध्यांवर तोच चुंबकीय लेप, दोन्ही हातांच्या आवरणाखाली दडवलेल्या ९० मिलिमीटरच्या गॅटलिंग तोफा, वरून चढवता-उतरवता येणारे जाड चिलखत. ही यादी अनेक चाहत्यांना मुखोद्गत असते. तथापि ॲलेक्सचे खरे चरित्र या यादीत कुठेही नाही. ते शोधायचे असेल तर तीन साधे प्रश्न विचारावे लागतात. यंत्र घडवले कोणासाठी? चालवले कोणी? आणि ते कोसळले कोणाच्या दारात?

७/२३
पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण पाहिले: आमुरो रे. आता दुसरा. ॲलेक्सची चाचणी घेण्याचे काम ख्रिस्तिना मॅकेन्झी या तरुण अधिकारी स्त्रीकडे येते. ती कुशल आहे, पण न्यूटाइप नाही. यंत्र इतके संवेदनशील की तिला ते आवरणे कठीण जाते. ज्या शरीराच्या आणि मनाच्या मापाने ते बेतले, ते शरीर तिथून फार दूर दुसऱ्या आघाडीवर लढत आहे. मात्र हल्ला होतो तेव्हा यंत्रात बसायला तीच उपलब्ध असते. इतिहासात बहुधा असेच घडते. शस्त्र आदर्श योद्ध्याच्या कल्पनेने घडते आणि त्या दिवशी जो हजर असेल त्याच्या हाती पडते.

८/२३
तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ॲलेक्स सुटे करून उत्तर ध्रुवाजवळच्या तळावरून अवकाशात पाठवले जाते आणि तटस्थ असलेल्या 'साइड ६' मधील लिबो नावाच्या वसाहतीत आणून ठेवले जाते. येथे युद्ध नाही. शाळा भरतात, दुकाने उघडी असतात, नाताळची तयारी चालू आहे. नागरी वस्तीच्या आडोशाने तेथे यंत्राची जुळणी सुरू असते. त्याच वस्तीत पाचवीत शिकणारा आल्फ्रेड, म्हणजे आल, राहतो. त्याला युद्ध अतिशय आवडते, कारण त्याने ते पाहिलेले नाही.

९/२३
झिऑनचे 'सायक्लॉप्स' हे लहानसे छुपे पथक ॲलेक्स नष्ट करण्यासाठी वसाहतीत शिरते. त्यात नव्याने भरती झालेला, विशीच्या उंबरठ्यावरचा बर्नार्ड वाइझमन, म्हणजे बर्नी, असतो. आल आणि बर्नी यांची मैत्री होते. आलच्या शेजारच्या घरात ख्रिस राहते. तिची आणि बर्नीची ओळख होते, दोघांनाही एकमेकांविषयी ओढ वाटू लागते. ती ॲलेक्सची चालक आहे, हे बर्नीला कधीच कळत नाही. तो शत्रूचा सैनिक आहे, हे तिलाही कळत नाही. तिघांत सर्वांत अधिक माहिती असते ती आलला, आणि तीही अपुरी.

१०/२३
पथकाचा हल्ला फसतो. बर्नीचे सहकारी मारले जातात, वसाहतीतील सामान्य नागरिकही मरतात. यानंतर झिऑनच्या एका अधिकाऱ्याने वसाहतीवर अण्वस्त्र टाकण्याचे ठरवल्याचे बर्नीला समजते. पळून जाण्याची संधी असूनही तो परत येतो. ॲलेक्स नष्ट झाले तर वस्ती वाचेल, एवढा त्याचा हिशेब. मोडके झाकू यंत्र तो आणि आल दोघे मिळून दुरुस्त करतात. नाताळच्या दिवशी बर्नी लढायला उतरतो. अण्वस्त्र घेऊन येणारा ताफा आधीच पकडला गेला आहे, ही बातमी आलला मिळते. तो धावतो. पोहोचेपर्यंत सारे संपलेले असते.

११/२३
बर्नी मरतो. त्याला मारणारी ख्रिस आहे हे तिला माहीत नाही. ॲलेक्स मोडून पडते आणि आमुरोपर्यंत कधीच पोहोचत नाही. पुढे काही दिवसांतच युद्ध संपते. विशेष म्हणजे या सर्व घडामोडींचा युद्धाच्या निकालावर तसूभरही परिणाम होत नाही. ॲलेक्स वेळेवर पोहोचले असते तरी महासंघ जिंकला असता, पोहोचले नाही तरी जिंकला. मूळ मालिकेच्या इतिहासात या प्रसंगाची नोंद नाही आणि नोंद नसणे स्वाभाविक वाटावे अशीच ही कथा रचलेली आहे.

१२/२३
माझ्या मते या मालिकेचा गाभा येथे आहे. माणसामाणसांतील गैरसमज मिटवू शकणाऱ्या प्रतिभेसाठी एक यंत्र बांधले गेले. ते वापरले कोणी? एकमेकांना आवडणाऱ्या, शेजारी वावरणाऱ्या आणि समोरच्या यंत्रात कोण बसले आहे हे न कळलेल्या दोघांच्या झुंजीत. एका तरुणाने मनांचे जाणणे साधले म्हणून जे पोलाद घडवले, त्याच पोलादाने दोन तरुणांचे चेहरे एकमेकांपासून झाकून टाकले. जाता जाता ख्रिस आललाच सांगते की बर्नीला माझा निरोप दे. आल तिला खरे सांगत नाही. एवढ्या लहान मुलाने हे ओझे उचलावे, यापुढे चिलखताची जाडी किती होती हा प्रश्न मला क्षुल्लक वाटतो.

१३/२३
'हे सारे काल्पनिक. इतिहासाशी याचा काय संबंध?' असा आक्षेप येईल. संबंध आहे. जपानी यंत्रमानवकथेचा जन्मच युद्धाच्या स्मृतीतून झाला. मित्सुतेरु योकोयामा यांची 'तेत्सुजिन २८' ही चित्रकथा १९५६ मध्ये सुरू झाली. तीतील महाकाय यंत्रमानव हे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानी लष्करासाठी आखलेले गुप्त अस्त्र असते. ते युद्धाच्या उपयोगी पडत नाही आणि पुढे एका मुलाच्या हाती येते. योकोयामा कोबे शहरातले, जन्म १९३४. १९४५ च्या बॉम्बवर्षावात ते शहर भस्मसात झाले तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. उशिरा आलेले अस्त्र आणि ते पाहणारा मुलगा ही जोडी ॲलेक्सच्या सुमारे तेहतीस वर्षे आधीची आहे.

१४/२३
आता प्रत्यक्ष इतिहासात तेच तीन प्रश्न विचारून पाहू. घडवले कोणासाठी? २०२३ चा 'गॉडझिला मायनस वन' पाहिलेल्यांना त्यातील विचित्र विमान आठवत असेल: शेपटाचे पंख पुढे, पंखा मागे. ते 'शिनदेन', जपानी नौदलाचे प्रायोगिक लढाऊ विमान. अमेरिकेच्या बी-२९ बॉम्बफेकी विमानांना अडवण्यासाठी त्याची आखणी झाली. त्याचे पहिले उड्डाण झाले ३ ऑगस्ट १९४५ रोजी. तीन दिवसांनी हिरोशिमा, सहा दिवसांनी नागासाकी, आणि १५ ऑगस्टला सम्राटाचे शरणागतीचे नभोवाणी भाषण. शिनदेन एकाही लढाईत उतरले नाही. चित्रपटाने त्याला जी लढाई दिली, ती इतिहासाने दिली नव्हती.

१५/२३
आणि ज्यांच्यासाठी अशी विमाने घडवायची ते प्रतिभावंत वैमानिक? हिरोयोशी निशिझावा हा जपानी नौदलाच्या सर्वश्रेष्ठ लढाऊ वैमानिकांत गणला जातो. २६ ऑक्टोबर १९४४ रोजी फिलिपाइन्समध्ये त्याचा मृत्यू झाला. त्या वेळी तो लढाऊ विमान चालवत नव्हता. नवी विमाने ताब्यात घेण्यासाठी तो एका वाहतूक विमानातून प्रवासी म्हणून चालला होता आणि अमेरिकी विमानांनी ते पाडले. प्रतिभा आणि यंत्र यांची गाठ पडेलच, असे युद्ध कोणालाही वचन देत नाही. आमुरो आणि ॲलेक्स यांची चुकामूक ही म्हणूनच कादंबरीतला योगायोग वाटत नाही.

१६/२३
दुसरा प्रश्न: चालवले कोणी? युद्धाच्या आरंभी जपानी विमानवाहू जहाजांवरचे वैमानिक दीर्घ प्रशिक्षणातून तयार झालेले होते. ते मारले गेले आणि त्यांची जागा घेणाऱ्यांना शिकायला वेळ मिळाला नाही. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी तोक्योतील मेजी देवस्थानाच्या बाह्य उद्यानातील क्रीडांगणात, भर पावसात, विद्यापीठातील हजारो विद्यार्थ्यांना सैन्यात रवाना करणारा समारंभ झाला. त्यांच्या पिढीतले कित्येक तरुण पुढे परत न येण्याच्या मोहिमांवर पाठवले गेले. बर्नीच्या अंगावरचा सैली गणवेश आणि युद्धाविषयीची त्याची बढाईखोर अर्धवट माहिती पाहताना मला या विद्यार्थ्यांची आठवण होते.

१७/२३
तिसरा प्रश्न: कोणाच्या दारात? जर्मनीचे व्ही-२ अग्निबाण हे त्या काळचे सर्वांत प्रगत अस्त्र होते. ते बनत होते मिटलबाऊ-डोरा येथील भुयारांत, छळछावणीतील कैद्यांच्या सक्तीच्या श्रमातून. सुमारे ६०,००० कैदी त्या छावणी-समूहातून गेले आणि त्यांपैकी अदमासे एक तृतीयांश मरण पावले. हे बाण ज्या शहरांवर पडले तिथे मेलेल्यांपेक्षा ते घडवताना मेलेल्यांची संख्या अधिक, असे इतिहासकार सांगतात. अग्निबाणाची उंची आणि पल्ला सांगणारे तक्ते पुष्कळ सापडतात. भुयाराचा उल्लेख त्यांत असेलच असे नाही.

१८/२३
तटस्थ भूमीचे काय होते याचे एक उदाहरण तर आपल्या अंगणातले आहे. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून गोवाही तटस्थ. १९३९ पासून मुरगाव बंदरात 'एरेनफेल्स' आणि इतर जर्मन जहाजे आश्रयाला थांबलेली होती. तिथून मित्रराष्ट्रांच्या जहाजांची माहिती पाणबुड्यांना कळवली जाते, असा ब्रिटिशांचा संशय होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री 'कलकत्ता लाइट हॉर्स' या हौशी पलटणीतील, बहुतांशी मध्यमवयीन नागरी नोकरदारांचे एक पथक कोचीनहून 'फीबी' नावाच्या बार्जमधून आले आणि एरेनफेल्सवर चढले. जर्मन खलाशांनी आपली जहाजे स्वतःच पेटवून बुडवली.

१९/२३
ही मोहीम १९७८ पर्यंत सर्वसामान्यांना ठाऊक नव्हती. मग तिच्यावर पुस्तक आले, १९८० मध्ये 'द सी वुल्व्ज' हा चित्रपट आला. धाडसाची कहाणी म्हणून ती रंजक आहेच. तथापि सायक्लॉप्स पथकाची कथा पाहिल्यावर मी ही हकिगत निराळ्या नजरेने वाचू लागलो. पथक कोणते, बार्ज कोणती, कप्तान कोण, हे सारे आपल्याला कळते. त्या रात्री बंदरात ज्वाळा उठल्या तेव्हा मुरगावच्या किनाऱ्यावरील गोवेकरांनी काय पाहिले, आपल्या तटस्थ गावात कोणाचे युद्ध शिरले असे त्यांना वाटले, हे त्या गाजलेल्या कथनात जवळजवळ नाहीच. आल या मुलाला नायक करून ००८० ने नेमकी हीच रिकामी जागा भरली.

२०/२३
दोन प्रामाणिक आक्षेपांना उत्तर द्यायला हवे. पहिला: प्रायोगिक यंत्रे निष्फळच असतात का? अर्थातच नाही. जपानच्या प्रसिद्ध 'झीरो' विमानाचा पहिला नमुना १ एप्रिल १९३९ रोजी उडाला आणि त्याने पुढे काही काळ प्रशांत महासागरावर वर्चस्व गाजवले. गंडमच्या जगातही मूळ नमुन्याच्या अनुभवातूनच 'जिम' ही साधी, स्वस्त, संख्येने पुष्कळ यंत्रे निघाली आणि महासंघाच्या विजयाला त्यांचा मोठा हातभार लागला. युद्ध जिंकून देणारी यंत्रे बहुधा अशी असतात: चारचौघांना चालवता येणारी आणि मोडली तर दुरुस्त करता येणारी. एकाच प्रतिभावंताच्या मापाने शिवलेला अंगरखा दुसऱ्याला बसत नाही, आणि युद्धात तो प्रतिभावंत कुठे असेल हे सांगता येत नाही.

२१/२३
झीरोविषयीच एक तपशील जाता जाता. त्या काळातले ते अत्याधुनिक विमान नागोया येथील कारखान्यातून कागामिगाहारा येथील धावपट्टीपर्यंत, पन्नासेक किलोमीटर, बैलगाड्यांवरून नेले गेले. कारखान्याजवळ धावपट्टी नव्हती आणि खराब रस्त्यांवर मालमोटारीच्या हिसक्यांनी नाजूक सांगाडा बिघडेल अशी भीती होती. अभियंता जिरो होरिकोशी याचे नाव जगाला ठाऊक आहे. बैल हाकणाऱ्यांची नावे मात्र आपल्याला माहीत नाहीत. आपल्याकडची मुलूखमैदान तोफ घ्या. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, पुढे परांड्याहून विजापुरास नेलेली. तिच्या तोंडाचा व्यास सांगणारे अनेक भेटतील. तिला ओढणाऱ्या माणसांविषयी आपण कितीदा विचारतो?

२२/२३
दुसरा आक्षेप: ही मालिका शेवटी खेळणी विकण्यासाठीच ना? होय, गंडमचा व्यवसाय प्लास्टिकच्या जुळणी-संचांवर उभा आहे, ॲलेक्सचे संचही निघाले आणि आजही लोक ते हौसेने जोडतात. निर्मात्यांना या विसंगतीची जाणीव होती, असे मला कथेवरूनच वाटते. अखेरच्या भागात शाळेच्या सभेत आल रडतो तेव्हा मित्र त्याची समजूत घालतात की लवकरच पुन्हा युद्ध होईल, याहून मोठे आणि दिमाखदार. ते मित्र दुष्ट नाहीत. पहिल्या भागातला आल जसा होता, तसेच ते आहेत. युद्धयंत्रांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येक प्रेक्षकाला निर्मात्यांनी त्या मुलांच्या रांगेत बसवले आहे, आणि मीही त्याच रांगेतला एक आहे.

२३/२३
यंत्रांवरील हे प्रेम सोडा, असे मी म्हणणार नाही. तोफेचा पल्ला, तलवारीचे पोलाद, विमानाचा वेग हे सारे जाणून घेण्यात आनंद आहे आणि इतिहासाकडे येणारे कित्येक तरुण याच वाटेने येतात. माझी मागणी एवढीच: पुढच्या वेळी एखाद्या अस्त्राविषयी लिहाल तेव्हा तपशिलांच्या यादीखाली तीन ओळी अधिक लिहा. कोणासाठी घडवले, प्रत्यक्ष कोणी चालवले, कोणाच्या दारात कोसळले. तिसऱ्या ओळीचे उत्तर दफ्तरात सहजी मिळत नाही; ते गावकऱ्यांच्या आठवणींत, तक्रार-अर्जांत, नुकसानभरपाईच्या नोंदींत शोधावे लागते. तुमच्या जिल्ह्यातील एखाद्या तोफेविषयी, धावपट्टीविषयी किंवा बंदराविषयी असे काही ठाऊक असेल तर खाली अवश्य लिहा. पुढचा थ्रेड त्यांतूनच करू.